तुलनेचं रक्त

पैलवान म्हणजे प्रयोगशाळेतला सगळ्यात काटकुळा माणूस. फुंकर मारली तर उडेल असा. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त हाताळणार, पण स्वतःचा थेंब देईल तर शपथ. त्या दिवशी मात्र त्याला सुटका नव्हती. रुग्णाच्या रक्ताशेजारी निरोगी माणसाचं रक्त तुलनेला ठेवायचं, असा तिथला नियम. एरवी हात पुढे करायची ती ताई. तिची शीर चटकन सापडायची, ती आजारी म्हणून पडायची नाही, तेव्हा "ताई आहे ना" म्हणून सगळे मोकळे. नेमकी आज तिला सर्दी झाली होती, आणि सर्दीवाल्याचं रक्त चालत नाही.

"कोपरापासून कापूनच घ्या ना," पैलवान डोळे मिटून म्हणाला.

"चमचाभर पुरे," ताई म्हणाली. तिला हसू मात्र आलं नाही.

कारण तपासायचं रक्त तिच्या भाचीचं होतं, धाकट्या भावाच्या तान्ह्या मुलीचं. भावाचा पहिला मुलगा, सोन्या, दोन वर्षांपूर्वी गेला. कानात पू, फुप्फुसात पू, पण ताप कधी यायचा नाही. पोर काटक आहे, असं सगळे कौतुकानं म्हणायचे. माणसाच्या पेशींवर जंतू ओळखणारे रिसेप्टर असतात, जन्मापासूनचे, न शिकवता पहारा देणारे. ते नसले तर चोर घरात शिरला तरी घर झोपलेलंच राहतं. सोन्याचे रिसेप्टर याच खोलीत ताईनंच तपासले होते. किंचित कमी आहेत, आजारपणामुळे असतील, असं ठरलं आणि डॉक्टर दुसरंच काही शोधत बसले. शोध संपायच्या आत सोन्या संपला.

ताईनं दिवे मंद केले. उजेडानं अँटिबॉडीवरचा रंग मरतो. ही अँटिबॉडी जाऊन फक्त त्या रिसेप्टरलाच चिकटते, आणि मग पेशी लेसरसमोरून एकेक करून जाताना चमकतात. जितके रिसेप्टर, तितकी चमक. पडद्यावर त्याची टेकडी उठते. चमक जास्त तर उजवीकडे, कमी तर डावीकडे.

आधी निरोगी रक्त सोडायचं आणि त्याची टेकडी ठरलेल्या खुणेवर येईपर्यंत यंत्राची नजर कमीजास्त करायची, ही तिथली रीत. ताईचं रक्त असलं की नजर बरीच वाढवावी लागे. यंत्र जुनं आहे, म्हणून कुणी मनावर घेत नसे. आज तिनं नेहमीच्याच नजरेवर पैलवानाचं रक्त सोडलं आणि टेकडी खूण ओलांडून पार उजव्या टोकाला जाऊन बसली.

"रंग जास्त पडला का?" पैलवान म्हणाला.

ताईनं नवी नळी भरली. तेच. शेजारच्या खोलीतल्या दोघींना धरून आणलं, त्यांचंही तेच. मग नियम गुंडाळून ठेवून तिनं सर्दीसकट स्वतःचं रक्त काढलं. तिची टेकडी मुकाट्यानं जुन्या खुणेवर येऊन उभी राहिली. आणि यंत्राची ती नजर तर तिच्या धडधाकट दिवसांत बसवलेली होती, म्हणजे हा सर्दीचा परिणाम नव्हता.

म्हणजे तिच्या पेशींवर रिसेप्टर अर्धेच होते, जन्मापासून. अर्ध्यांवर माणूस ठणठणीत जगतो. भाऊही तसाच असणार, भावजयही. दोघांकडचा दोष एकत्र आला की मुलाच्या पेशींवर रिसेप्टर जवळजवळ उरतच नाहीत. आणि ताई इतकी वर्षं मापात खोट असलेल्या वजनानं जगाला तोलत बसली होती. सोन्याचे खूपच कमी होते, पण तिच्याशेजारी ठेवल्यावर ते किंचितच कमी दिसले.  

यंत्राची नजर पैलवानाच्या रक्तावर बसवून तिनं भाचीचं रक्त शेवटी सोडलं. टेकडी डाव्या काठाला लागली.

"मोठ्या मॅडमना सांगून येते," ती म्हणाली. "माझ्या रक्तावर झालेल्या सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतील. मग भावाला फोन."

"भावाला मुलीचं तेवढं सांगा, ताई," पैलवान हळूच म्हणाला. "जुनं कशाला उकरताय? गेलेलं पोर परत येणार आहे का?"

मोह झाला तिला. खोटं कशाला बोला, खूप झाला. पण मॅडमकडून परतल्यावर तिनं नंबर लावला.

"जंतूंना रोखायचं औषध आजपासून सुरू करायचं," ती भावाला म्हणाली. "एक दिवस चुकवायचा नाही. ताप नाही म्हणून गाफील राहायचं नाही."

"वाचेल ना?"

"औषध नीट चाललं तर वाचेल."

 मग तो म्हणाला, "सोन्यालाही हेच होतं?"

"हो."

"तू तर ठीक आहे म्हणाली होतीस."

"त्याच्याशेजारी मी माझं रक्त ठेवलं होतं. तोच दोष माझ्यात आहे. म्हणून त्याचा दिसला नाही. चूक माझी झाली."

मागून भावजयीचा आवाज आला, कुणाचा फोन म्हणून. 

"हिला काय सांगू मी?" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "ही अजून स्वतःलाच दोष देते, म्हणते, 'मी त्याला थंडीत बाहेर नेलं म्हणून गेला.' दोन वर्षं हेच म्हणतेय."

 ताई म्हणाली, "तिच्याकडे दे फोन."