पाय पाळण्यावर, हात लिहिण्यावर

मंगळवारी सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी जिपारने डावा पाय माझ्यावर ठेवला, मांडीवर वही घेतली आणि पाय हलवत लिहायला लागली. तिथून हे सगळं सुरू झालं.

मी पाळणा बोलतोय. आमच्या इस्सिक-कुल सरोवराच्या काठावर मला बेशिक म्हणतात. माझं लाकूड डोंगरातलं. जिपारच्या सासूने, झूरा आपांनी, पहिल्या बाळंतपणात मला करवून घेतलं. त्यांची पाच पोरं माझ्यात झोपली. पट्ट्यांनी बांधून, हो! खाली मुतासाठी लाकडी नळी आहे. लोक मला पवित्र म्हणतात आणि माझ्यात करायचं ते करतातच.

त्या पाचांतलाच एक जिपारचा नवरा. तो आता रशियात भिंती बांधतो. इथे जिपार, चार वर्षांची बेर्मेत, तान्हा सामत आणि आपा.

आमच्याकडे समारंभाला तोय म्हणतात. तोयमध्ये पाहुण्याने माइक धरून चार शुभेच्छा बोलायच्याच, त्याला तिलेक म्हणतात. नुसतं जेवून उठायची सोय नाही. आणि बोलायला उभं राहिलं की भल्याभल्यांची बोबडी वळते. म्हणून त्या मंगळवारी शाळेचे मुख्याध्यापक एसेन मागच्या दाराने आले. तीनशे पोरांपुढे त्यांना "गप्प बसा" एवढंच सुचतं. भाचीच्या लग्नासाठी तिलेक हवा होता, आणि जिपारचे शाळेतले निबंध त्यांना आठवत होते.

"दोनच ओळी गं. तुला काय, पाच मिनिटांचं काम! पण कुणाला सांगू नकोस हं."

त्या पाच मिनिटांत सामत दोनदा ओकला, बेर्मेतने पीठ सांडलं आणि कोंबडी घरात शिरली. पण लग्नात मुख्याध्यापकांना टाळ्या पडल्या. मग एकेक जण मागच्या दाराने यायला लागला, शहरातले तिच्या फोनवर मागायला लागले. प्रत्येकाची शपथ तीच, कुणाला सांगू नकोस. गावात सगळेच अचानक छान बोलायला लागले, आणि कुणालाच कुणाचा संशय आला नाही. माणसाला स्वतःच्या हुशारीचं नवल वाटत नाही, त्यातलाच प्रकार.

आपांना मात्र हे खपत नव्हतं. "बसल्या जागी करतेस ते काय काम? काम म्हणजे गाय पिळणं."

एकदा सामत बेर्मेतच्या मांडीवर होता आणि जिपार लिहिण्याच्या नादात मलाच हलवत बसली.

"अगं अवलक्षणी! रिकामा पाळणा हलवतेस? पोराच्या जिवावर उठलीस काय?" आपा कडाडल्या. "असानकुल भावजींच्या सत्तरीचा तोय आपल्या अंगणात आहे. तिथे माझं नाव खाली गेलं, तर तो फोन आणि ती वही मी पेटीत घालून कुलूप लावीन. कायमचं."

 जिपारने वही मिटली आणि माझ्या गादीखाली सरकवली. लिहिताना ती कुणाची आई नसते, कुणाची सून नसते. पेटीला कुलूप लागलं तर तेवढंही गेलं.

दुसऱ्या दिवशी आपांनी दार लावलं, पडदा ओढला आणि हळूच म्हणाल्या, "सत्तरीसाठी मलाही एक लिही. चांगला लिही. कुणाला सांगशील तर बघ!"

त्याच तोयसाठी मुख्याध्यापकांचाही एक होता, आणि असानकुलांच्या शहरातल्या पुतण्याचा, तालांतचाही. तीन तिलेक. नेमके सामतला दात यायला लागले. तीन दिवस त्याने मला आणि तिला छळलं. तोयच्या सकाळी तिलेक तयार होता एकच. जिपारने विचार केला, वयाप्रमाणे बोलतील, मधे दोन-तीन टेबलांवरचे पाहुणे बोलतील, तोवर लोक मटण खाऊन विसरतील. तिने वरचं संबोधन बदललं आणि तोच तिघांना दिला.

अंगणात मी चहाच्या समोवारशेजारी होतो. जिपारचा एक हात किटलीला, एक पाय माझ्यावर. मुख्याध्यापक उठले. "तुमच्या दारात घोडा असो, चुलीवर हंडी उकळती असो, आणि म्हातारपण इतकं आळशी असो की निम्म्या वाटेतच झोपून जावो!" टाळ्याच टाळ्या.

पण माइकवाल्याने मधली टेबलं सोडून दिली आणि पुकारलं, "आता घरची माणसं!" तालांतने फोन काढला. "काका, तुमच्या दारात घोडा असो, चुलीवर..."

कुणीतरी खाकरलं. मुख्याध्यापक ताटात बघू लागले. चोरी झाली असं म्हणणार कोण? म्हणणाऱ्याने आधी आपण दुसऱ्याकडून लिहून आणलंय हे कबूल करायला हवं ना!

माइक आपांकडे आला. त्यांनी तर तिलेक पाठ केला होता. त्यांनी सुनेकडे असं बघितलं, की तिच्या हातातला चहा बशीत सांडला. मग आपा ताठ उभ्या राहिल्या.

"भावजी, हा घोडा आणि ही हंडी माझ्या घरची आहेत! माझ्या सुनेने लिहिलंय. ह्या दोघांनी उष्टं आणलं, मी अस्सल आणलंय." आणि त्यांनी तोच तिलेक पहिल्यापासून, न अडखळता, सगळ्यांत मोठ्याने म्हटला.

असानकुल आजोबा डोळे पुसेस्तोवर हसले.

प्रेमाने बोलल्या म्हणता? छे. तिसरं व्हायची लाज होती ती. पण पेटीला कुलूप लागलं नाही. आता लोक पुढच्या दाराने येतात आणि दारात आपा उभ्या असतात. "आठ दिवस आधी यायचं. पोराला दात येत असतील तर दहा."

सामत चालायला लागलाय. मला पुढच्या महिन्यात दुसऱ्या सुनेच्या घरी नेणार आहेत. जाण्याआधी एकच मागणं आहे. जिपारकडे शब्द मागायला याल, तेव्हा दुपारभर तिची पोरं सांभाळायला घरचं एक माणूस बरोबर आणा. मला काही गावभर फिरता येत नाही. तेव्हा एवढं चार घरी तुम्हीच सांगा.