हँडलवरचा गमछा

माझ्या लहान पोराच्या, मोहितच्या, उजव्या हाताची तीन बोटं धानाच्या मिलच्या मशीननं खाल्ली, त्याच्या सहाव्या दिवशी भोजराज मुनीम आमच्या घरी कागद घेऊन आला. दुसऱ्या हातात सफरचंदाची पिशवी होती. बावीस वर्षं मी त्या मिलमध्ये पोते शिवले. दिवाळीचा सोनपापडीचा डबा सोडला तं या माणसाच्या हातून कधी काही सुटलं नाही. म्हणून सफरचंद पाहूनच मी समजली की कागदात काहीतरी सडकं आहे.

कागद हिंदीत होता, आमचं गाव हद्दीपलीकडं, हिंदी मुलखात. माझं माहेर आमगावकडचं, तिथं मराठीत तिसरीपर्यंत शिकली तेवढंच माझं शिक्षण, अन् हिंदी वाचाचं म्हटलं तं मी अक्षर लावत बसते. मोहितची बायको पौर्णिमा लांजीले हिंदीतून बारावी झालेली. तिले म्हटलं, वाच मोठ्यानं. तिनं वाचलं, 'मजदूर मोहित शराब के नशे में, बिना किसी को बताए, गड्ढे में उतरा.' तिथंच ती थांबली. मोहित समोरच्या खाटेवर पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून पडला होता. माझ्या या पोरानं दारूले कधी हात लावला नाही, हे मुनीमलेही माहीत होतं. मिलच्या पार्टीत त्याले थम्सअप देणारा हाच होता.

मुनीमनं गोड बोलून समजावलं. सही करा, पुढचा इलाज सेठ पाहतील, पोराले गेटवर चौकीदार ठेवतील. सही नाही केली तं तीन दिवसांनी फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेब येऊन राह्यले. ते विचारतील, मशीन चालू कोणी केली. ज्यानं केली त्याच्यावर केस. एवढं बोलून त्यानं दाराकडं पाह्यलं. दारात खेमराज उभा होता, माझा मोठा पोरगा, त्याच मिलचा मिस्त्री. खेमराजनं मान खाली घातली.

मी कागद ठेवून घेतला अन् सफरचंद परत दिले. म्हटलं, आमच्याकडं दात आहेत पण भूक नाही.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते. मिलमध्ये धान वर न्यायले एलिवेटर असते. एक लांब पट्टा, त्याले लोखंडी डबे. ते खालच्या खड्ड्यातून धान उचलतात अन् वर नेऊन टाकतात. धान ओलं असलं की खड्ड्यात चोक होते. मग मशीन बंद करून माणसाले खाली उतरावं लागते अन् डब्यांच्या मधात हात घालून गाळ काढावा लागते. एलिवेटरचा मेन स्विच तिथून पंधरा-वीस पावलांवर, भिंतीले. त्याले कुलूप नाही. आमच्या मिलची रीत अशी होती की उतरणाऱ्यानं आपला गमछा स्विचच्या हँडलवर टांगाचा. गमछा दिसला म्हणजे आत माणूस आहे.

रीत चांगली होती. पण त्या भिंतीले दुसरी खुंटीच नव्हती. तं ज्याले घाम आला तो तिथंच गमछा टांगे, बिडी प्यायले जाये, अन् विसरे. दिवसातून चार वेळा खेमराज कोणाचा तरी गमछा काढून फेके अन् शिव्या देई. मीही पाह्यलं होतं ते. हसलीही होती.

त्या दुपारी गेटवर सहा ट्रक उभे होते अन् सेठचा फोनवर फोन. एलिवेटर चोक झाली. मोहितनं हँडल खाली करून मशीन बंद केली, गमछा टांगला अन् उतरला. पौर्णिमा खड्ड्याच्या तोंडाशी टोपलं ओढायले उभी. खेमराज गेटवर ट्रकवाल्यांशी झगडून आला, त्याले काही माहीत नाही. त्याले दिसला हँडलवर गमछा. त्यानं काढला, त्यानंच कपाळ पुसलं, मान पुसली, खांद्यावर टाकला.

पौर्णिमा ते पाहून राह्यली होती. तिनं आधी खाली मोहितले हाक मारली. बाजूची पॉलिशची मशीन चालू, अन् त्याचं डोकं खाली डब्यांपाशी. त्याले ऐकू गेलं नाही. खेमराजची पाठ तिच्याकडं. मोठ्यानं 'दादा' म्हटलं असतं तं तो वळला असता. ती ओरडली नाही. पदर तोंडावर ओढून ती माझ्याकडं धावली, पार पोत्यांच्या थप्पीपाशी, चाळीस पावलं. माझा हात धरून म्हणाली, मामी, दादांना थांबवा. आमच्याकडं सासूले मामीच म्हणतात. मी ओरडली. माझा आवाज गावाच्या त्या टोकाले जाते. पण तोवर खेमराजचा घाम पुसून झाला होता अन् हँडल वर गेलं होतं.

मशीन दोन फेरे फिरली. खेमराजनंच बंद केली, अन् तोच आधी खड्ड्यात उतरला. भावाले त्यानंच वर काढलं.

ती काहून ओरडली नाही, हे मले कोणाले विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात लहान सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलत नाही. तोंड दाखवत नाही, हाक मारत नाही. माझ्या सासूनं माझ्याकडून पाळून घेतलं, मी पौर्णिमाकडून. ती मिलमध्ये कामाले लागली त्याच दिवशी मी तिले सांगतलं होतं, घर असो का मिल, रीत तीच. एकदा तिनं खेमराजले 'दादा, पाणी' म्हटलं, तं मी चार बायांसमोर तिले अशी काही बोलली की ती दोन दिवस जेवली नाही. मले त्याचा अभिमान होता. बाया म्हणत, शेवंताबाईच्या घरचं वळण पाहा.

मुनीम गेल्यावर मी घरात सगळ्यांना बसवलं. माझा हिशेब साधा होता, दोन्ही पोरं वाचवाची. सही कराची नाही, म्हणजे मोहित दारुडा ठरत नाही. अन् खेमराजचं नाव घ्यायचं नाही. पौर्णिमाले म्हटलं, तू काही पाह्यलं नाही.

ती चूल फुंकत होती. पाठमोरीच बोलली, "मामी, मग मशीन चालू कोणी केली? भुतानं?"

मी तिले गप्प केलं. खेमराज जेवला नाही, उठून गेला. ते तीन दिवस घरात चौघंजणं होतो अन् ताटं वाजत तेवढाच आवाज.

इन्स्पेक्टर आले त्या दिवशी मिल ओळखू येत नव्हती. भिंतीवर 'सुरक्षा पहले' असा बोर्ड, त्याचा रंग इतका ताजा की दोन माश्या चिकटून बसल्या होत्या. आम्हा बायांना पिवळ्या टोप्या वाटल्या, प्लास्टिकची पन्नी काढू नका म्हणून बजावलं. परत कराच्या असतील. अन् मेन स्विचच्या हँडलवर एक नवं पितळी कुलूप.

साहेब वाळका माणूस, आवाज हळू. त्यांनी बोर्डाले बोट लावलं अन् बोट रुमालाले पुसलं. मग खुर्ची टाकून बसले अन् एकेकाले विचारायले लागले. समोर सेठ, मुनीम, खेमराज, मोहित, मी, पौर्णिमा, अन् मागं कामाच्या सगळ्या बाया. मोहितनं सांगतलं की गमछा टांगून उतरलो. मुनीम म्हणाला, गमछा कोणीच पाह्यला नाही, अन् पोराच्या तोंडाचा वास मात्र दोघा-तिघांना आला होता. साहेबांनी खेमराजले विचारलं, मशीन कशी चालू झाली. खेमराज म्हणाला, लाइट गेली होती, आली तं आपोआप झाली असेल. मीच शिकवलं होतं त्याले ते, त्या सकाळी.

मग साहेब पौर्णिमाकडं वळले. तू वहीं खड़ी थी ना, क्या देखा?

माझ्या शेजारी ती उभी होती. मी तिचं मनगट धरलं अन् दाबलं. तिनं ते सोडवून घेतलं. जोरात नाही, जसं लेकराच्या हातून भांडं घ्यावं तसं. मग तिनं पदर आणखी खाली ओढला, खेमराजकडं पाठ केली अन् भिंतीकडं तोंड करून बोलायले लागली. भासऱ्याले काही सांगायचंच असलं अन् मधात कोणी नसलं, तं आमच्या बाया असंच करतात, भिंतीले सांगतात अन् तो ऐकतो. हळूच बोलून राह्यली होती ती. भिंती, सांग, गमछा होता. भिंती, सांग, कोणी काढला.

साहेबांना समजेना. त्यांनी विचारलं, ये किससे बात कर रही है?

मुनीम हसला. म्हणाला, "साहब, सदमे से दिमाग पर असर हो गया है बेचारी के. इसका बयान क्या लेना."

सेठही हसला. मागं दोन-तीन बायाही हसल्या. अन् मी पाह्यलं, साहेबांचा पेन कागदावरून उचलला गेला. पोरगा दारुडा, सून येडी. उद्या आणखी कोणाचं तरी पोर त्या खड्ड्यात उतरन अन् त्यालेही हाच कागद येईन. माझ्याच घरची रीत मुनीमच्या कामाले येऊन राह्यली होती.

मी पुढं झाली.

"पौर्णिमा, पदर वर घे," मी म्हटलं. "भिंतीले नको सांगू. खेमराजले सांग. त्याच्या तोंडाकडं पाहून सांग."

तिनं माझ्याकडं पाह्यलं, खरं का म्हणून. मग पदर डोक्याच्या मागं टाकला. लग्नाले चौदा महिने झाले होते, खेमराजनं तिचं तोंड पहिल्यांदा पाह्यलं असेल.

"दादा, गमछा होता," ती म्हणाली. "तुम्ही काढला, घाम पुसला, खांद्यावर टाकला अन् हँडल वर केलं. मी पाह्यलं."

साहेबांनी लिहिलं अन् विचारलं, देखा तो चिल्लाई क्यों नहीं? ते उत्तर तिचं नव्हतंच. मी दिलं. अर्धं हिंदीत, अर्धं आमच्या बोलीत, जसं आलं तसं. सांगतलं की रीत माझी आहे. ती ओरडली असती तं घरी गेल्यावर मी तिले सोडलं नसतं, हे तिले माहीत होतं, म्हणून नवरा खड्ड्यात असताना ती हुकूम घ्यायले सासूकडं धावली. चाळीस पावलं. ज्या बायांसमोर मी मिरवत होती त्याच बाया ऐकून राह्यल्या होत्या. माझी जीभ आयुष्यात कधी जड झाली नव्हती, त्या दिवशी झाली.

साहेब खेमराजकडं वळले.

"हौ," तो म्हणाला. "गमछा होता. मले वाटलं कोणी विसरला. रोजच विसरतात." मग त्यानं सांगतलं की लाइट-बिइट काही गेली नव्हती. हँडलले कुलूप पाहिजे म्हणून तीनदा सेठले म्हटलं होतं, अन् हे जे कुलूप दिसते ते काल संध्याकाळी लागलं. साहेबांनी चाबी मागितली. ती मुनीमच्या खिशातून निघाली.

साहेबांनी मुनीमले विचारलं, "गड्ढे में आप उतरते हैं?"

मागच्या बाया हसल्या, अन् यावेळी मले ते हसू बरं वाटलं.

साहेबांच्या हुकुमानं मिल अकरा दिवस बंद राह्यली. ज्यांची रोजी बुडाली त्यांनी नळावर माझ्या नावानं बोटं मोडली. मी बादली भरून घेई अन् येई. खेमराजले सेठनं काढलं. त्याले खैरलांजीकडं एका लहान मिलमध्ये काम भेटलं.

तो जायचा त्याच सकाळी साहेबांच्या रिपोर्टची नक्कल आली. पौर्णिमानं अंगणात वाचली. शराब हा शब्द कुठंच नव्हता. मोहितनं दोनदा विचारून खात्री केली. मग तिनं वाचलं, 'गवाह की सास ने स्वीकार किया कि', अन् थांबली. मी म्हटलं, वाच, पुढं वाच. तिनं सगळं वाचलं. माझं नाव, माझी रीत, चाळीस पावलं, सरकारी कागदावर.

खेमराज पिशवी घेऊन दारात उभा होता. त्यानं मले नाही, पौर्णिमाले विचारलं, माझं नाव कुठं आहे. तिनं ती ओळ काढली. मशीन खेमराजनं चालू केली असं लिहिलं होतं, अन् कुलूप न देण्याची जबाबदारी मालकाची असं त्याच्या खाली. त्यानं ती खालची ओळ पुन्हा वाचायले लावली.

मोहितच्या खाटेवर तो थोडा बसला. माझ्या पाया पडला, पण माझ्याशी बोलला नाही. साहेब आले त्या सकाळी मी त्याले खोटं बोलायले शिकवलं होतं, ते त्याच्या मनातून गेलं नाही. जाईल तेव्हा जाईल.

पौर्णिमानं डबा पुढं केला अन् विचारलं, "दादा, तिथं खड्ड्यात कोण उतरते?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "आज गेल्या गेल्या विचारतो."