नायकाचा रकाना

वर्षालीचं पत्र तीन महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. वहीतून फाडलेला कागद, निळी शाई, आणि शेवटी एकच प्रश्न: 'सर, तुम्ही माझी पटकथा पूर्ण वाचलीत का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.' एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मी लिहिला नाही, कारण खरं उत्तर 'हो, तीन वेळा' असं होतं.

मी डोंबिवलीच्या एका वाचनालयात तेहेतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर वागळे इस्टेटमधल्या एका चित्रपट कंपनीसाठी पटकथा वाचून अभिप्राय लिहू लागलो. कंपनीचं ऑफिस एका बंद पडलेल्या कारखान्याच्या माळ्यावर आहे आणि तिथला अभिप्रायाचा फॉर्म बहुधा त्या कारखान्याइतकाच जुना असावा. कथेचं नाव, लेखक, नायक, नायिका, खलनायक, सारांश. तळाला बारीक अक्षरात: 'एकही रकाना रिकामा ठेवू नये.' ही सूचना नसती तरी मी तो ठेवला नसता. जन्मभर पुस्तकांची कार्डं भरली आहेत.

वर्षाली ठाण्याच्या कोळीवाड्यातली. वय एकोणतीस, सकाळी एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची आणि दुपारी लिहायची. तिची पटकथा जनी नावाच्या पन्नाशीच्या कोळिणीची होती. नवरा गेल्यावर जनी त्याची होडी विकत नाही, स्वतः खाडीत नेते. गावातले पुरुष तिला धक्क्याला होडी लावू देत नाहीत. ती लावते. यज्ञेश हा तिचा दीर. त्याला सबंध पटकथेत सहा वाक्यं, आणि त्यातलं एक 'वहिनी, च्या ठेव' असं.

पहिल्या वाचनात मी फक्त चुका शोधत होतो. एक सापडलीही. अष्टमीच्या भरतीला पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत येत नाही, असं तिने लिहिलं होतं आणि शेवटचा सगळा प्रसंग त्यावर उभा केला होता. मी समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. भरती म्हणजे भरती, असं मला वाटत होतं. रविवारी बाजारात जाईबाईकडे बोंबील घेताना सहज विचारलं.

"अष्टमीला भांग असतो, भाऊ," ती म्हणाली. "पानी कमीच चढतं. उधान पुनवेला नि आवसेला. इतकी पुस्तकं वाचली, त्यात नाय लिवलं?"

घरी येऊन मी प्रश्नचिन्ह खोडलं. चूक सापडली असती तर मी तिला बहुधा मदत केली असती.

चौतिसाव्या वर्षी मीही एक पटकथा लिहिली होती. मालन नावाची टेलिफोन ऑपरेटर, पुराच्या दिवशी कल्याणच्या एक्स्चेंजमध्ये एकटी बसून फोन जोडत राहते. निर्मात्याने दोन पानं चाळली आणि म्हणाला, "बाईच्या जिवावर पिक्चर चालत नाही, कर्णिक. एखादा भाऊ घाला. इन्स्पेक्टर घाला." मी भाऊ घातला. तिसऱ्या खर्ड्यापर्यंत मालनच्या वाट्याला भावाच्या हातात टोपी देण्याएवढंच काम उरलं होतं. तो चित्रपट तरीही निघाला नाही.

वर्षालीला कोणी भाऊ घालायला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिने घातला नसता, हे पानापानावर दिसत होतं. मी तिच्यापेक्षा चांगलं लिहीत होतो की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही. पण ती वाकत नव्हती, हे मला बघवेना. मी फॉर्म घेतला. नायकाच्या रकान्यात 'यज्ञेश' लिहिलं. सारांशाची सुरुवात केली: 'यज्ञेश या तरुण कोळ्याची ही कथा.' रकाना रिकामा ठेवायचा नव्हता, असं स्वतःला समजावलं. तिथे 'जनी' लिहिता आलं असतं, हेही मला त्याच क्षणी कळत होतं.

तो फॉर्म तिला ऑफिसात बघायला मिळाला. अभिप्राय लिहिणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, म्हणून तिने पत्र तिथल्याच टेबलावर माझ्यासाठी ठेवलं होतं. पाकिटामागे आपला पत्ता लिहिला होता.

गेल्या सोमवारी स्वानंदने बोलावलं. स्वानंद म्हणजे मालकांचा मुलगा. आता निर्णय तोच घेतो.

"काका, तो जनीवाला सारांश कसला भारी लिहिलाय तुम्ही. मी स्क्रिप्ट वाचलेली, पण यज्ञेशचा अँगल मला दिसलाच नव्हता."

"तो तसा फार..."

"पण ती अडून बसलीय. म्हणते, जनीच लीड. अरे, ओपनिंग कोण देणार? पोस्टरवर काय, बाई आणि बोंबील?" तो हसला. मीही थोडा हसलो. "शुक्रवारी येतेय ती. तोवर यज्ञेशचे पाच-सहा सीन लिहा ना तुम्ही. समोर ठेवले की मानेल. नाही मानली तर स्क्रिप्ट परत, विषय संपला. आणि नाव देणार हां आपण. पटकथा, वर्षाली आणि प्रभाकर कर्णिक."

मी 'बघतो' म्हणालो. घरी येईपर्यंत ती अक्षरं पडद्यावर उमटताना दिसत होती. मनातल्या मनात मी तिचं नाव दुसऱ्या ओळीत नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर लिहायला बसलो. माझी बायको नीला समोर गवार मोडत होती. मोडता मोडता तिने वर्षालीची पटकथा ओढून घेतली. माझं लिहिलेलं ती वाचायला मागत नाही, हे सहज आठवलं. अर्ध्या तासाने गवार तशीच राहिली होती.

"अहो, अष्टमीला ती होडी बाहेर काढते, मग पुढे?" तिने विचारलं. "शेवटची पानं कुठायत?"

"माझ्याकडे आहेत. तो प्रसंग आता यज्ञेश करतो."

"यज्ञेश कोण?"

"दीर."

"तो चहा मागणारा?" तिने कागद खाली ठेवले. "मग मी कशाला जाऊ बघायला? मागच्या महिन्यात आम्ही चौदा जणी गाडी करून घोडबंदर रोडला सिनेमाला गेलो होतो. दीड तास ट्रॅफिकमध्ये. मारामारी बघून आलो. हिरॉइन तीन गाण्यांत होती आणि एकदा रडली. आमची सोनल मध्येच झोपली. ही जनी असती तर कोणी झोपलं असतं का?"

"तिकिटं पुरुषांच्या नावावर जातात, असं म्हणतात."

"कोण म्हणतं? चौदा तिकिटं मी काढली होती."

तिने गवारीची शेंग उचलली.

"तुमची ती मालन होती ना," ती म्हणाली. "पहिला कागद वाचला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. पुराच्या दिवशी मीच बसले होते की त्या बोर्डासमोर. मग एके दिवशी बघते तर तो इन्स्पेक्टर. मला भाऊ कुठे होता?"

हे ती मला सदतीस वर्षांत कधी बोलली नव्हती. आवाजात राग नव्हता. तिने शेंगेचा दोर काढला आणि दुसरी शेंग घेतली.

मी लिहिलेली दोन पानं पुन्हा वाचली. यज्ञेश धक्क्यावर उभा राहून पुरुषांना सुनावत होता आणि जनी मागे पदर धरून उभी होती. हातात टोपी तेवढी द्यायची राहिली होती. पानं फाडली. नीलाने वर पाहिलं नाही.

मग पत्र लिहिलं. चार खर्डे झाले, शेवटी एवढंच उरलं: 'हो. पूर्ण वाचली, तीन वेळा. यज्ञेश नायक नाही हे मला माहीत होतं. तसं लिहिलं ते मत्सरापोटी. अष्टमीचा प्रसंग बरोबर आहे, बदलू नका. सोबत नवा फॉर्म आहे. शुक्रवारी स्वानंदसमोर ठेवा. प्रभाकर कर्णिक.' स्वानंदच्या तोंडावर हे सांगण्याचं धैर्य मला झालं नाही, म्हणून फॉर्म तिच्याकडे देतोय, हेही लिहिणार होतो. ते तिला समजेलच.

फॉर्ममध्ये नायकाच्या रकान्यात 'जनी' लिहिलं. नायिकेच्या रकान्यात पुन्हा 'जनी'. सारांश नव्याने लिहिला, खाली सही केली, तारीख घातली.

चुरचुर अजून होतीच. तिचा सिनेमा निघेल, नीला चौदा जणींना घेऊन जाईल आणि पडद्यावर माझं नाव नसेल, हे टपालपेटीपर्यंत चालताना मनातून गेलं नाही. पेटीवर टपाल काढण्याची वेळ चारची होती, पावणेचार झाले होते. पाकिटावरचा पत्ता दोनदा ताडून पाहिला आणि पत्र आत सोडलं. मग कोणी बघत नाही असं पाहून, अडकलं तर नाही ना म्हणून, बोटं आत घालून चाचपलं. खाली पडलं होतं.