कांदा ज्योत्स्नाचा

लासलगावच्या बाजार समितीत ज्योत्स्नाचा अर्ज परत आला, तेव्हा ती रडली नाही की भांडलीही नाही. खिडकीतल्या माणसाला तिने दोनदा नीट विचारून घेतलं. कांदा विकल्याच्या पट्ट्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या पावत्या, तिच्या नावावर होत्या, पण सातबारा मोठ्या दिरांच्या, रंगनाथच्या नावावर. त्यामुळे क्विंटलमागे साडेतीनशेचं सरकारी अनुदान एकतर त्यांच्या नावाने निघणार, नाहीतर शेत ही बाई कसते असं त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं.

शेखर, तिचा नवरा, अंबडच्या कारखान्यात होता. तो फोनवर म्हणाला की एकाच घरातलं आहे, भाऊच्या खात्यावर येऊ दे, तो काय खाणार आहे थोडाच. तेही खरं होतं. रंगनाथ वाईट माणूस नव्हता. पण रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत तो एकदाही बांधावर आलेला नव्हता, आणि त्या वर्षी मार्चमध्ये चार रुपये किलोने कांदा विकताना ट्रॅक्टरवर ज्योत्स्नाच बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती मनमाडला गेली. रंगनाथ रेल्वेत होता. त्याच्या क्वार्टरवर चहा झाला, मुलांची चौकशी झाली. मग तिने लिहून द्यायचा तो स्टॅम्प पेपर पुढे ठेवला. त्याने तो वाचला आणि घडी घालून परत दिला. माझ्याच नावाने भर, पैसे आले की त्याच दिवशी पाठवतो, असं तो म्हणाला.

"पैशाचा सवाल नाय, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं ते सरळ सांगा."

मग त्याने सांगितलं. ऑफिसातल्या कुणीतरी त्याच्या डोक्यात घातलं होतं की असं लिहून दिलं तर कसणारा उद्या कूळ म्हणून उभा राहतो आणि जमीन जाते.

ज्योत्स्नाला राग आला, पण भीती कशाची आहे तेही कळलं. तिने पेन मागितलं.

"जमीन तुमची हाय, ते पहिल्या ओळीत मी लिहिते. सही पण माझी. दुसऱ्या ओळीत तुम्ही लिहा, यंदाचा कांदा हिने पिकवला."

रंगनाथने विचारलं, कांदा किती निघाला. अनुदानाच्या दोन महिन्यांत अठ्ठावन्न क्विंटल विकला, ती म्हणाली, बाकी कांदाचाळीत साठवलाय. विहिरीची मोटर जळली होती, ती जानेवारीत वाइंडिंग भरून आणली. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

दोघं रिक्षाने कोर्टाजवळ गेले. नोटरीसमोर आधी तिने सही केली, मग त्याने. परत जाताना तोच तिला स्टेशनवर सोडायला आला आणि गाडी हलेपर्यंत थांबला.

पैसे हप्त्याहप्त्याने तिच्या खात्यावर आले. त्याआधीच गावातल्या सविताने तिला गाठलं होतं. सविताचं शेत सासऱ्यांच्या नावावर होतं. ज्योत्स्नाने कागदाचा मजकूर तिला उतरवून दिला आणि म्हणाली, "सासऱ्यांशी मी बोलते, तू फक्त बरोबर ये."

त्या पावसाळ्यात ज्योत्स्नाने सातबाऱ्यावरची पिकाची नोंद मोबाईलवर स्वतः केली. रोप टाकायच्या आठवड्यात रंगनाथचा फोन आला. रजा मिळतेय, किती दिवस येऊ, असं तो विचारत होता.

"चार दिवस या," ती म्हणाली. "वाफे बांधायचे लय पडलेत."