आडोसा मिटला तो रविवार

मित्रांनो, मला कुणी पुठ्ठ्याचा तुकडा म्हणाले तर मी रागावत नाही. मनात एवढेच म्हणतो, बाबा रे, तू मला टेबलावर उभा राहिलेला पाहिला नाहीस! मी एक आडोसा आहे, कथेच्या खेळातला, चार पानांचा, आता बराच जुना. अंगावर चहाचे डाग पडले आहेत, एक कोपरा दुमडला आहे, तरी माझी मान ताठ आहे. ती का ताठ आहे, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत पुस्तके शिवायची, मागच्या खोलीत ती दाबून वाळवायची. मालकीण, कारागीर आणि झाडू मारणारी, सगळे एकच, आमची ताई. एका जाड ग्रंथाच्या बांधणीतून उरलेला पुठ्ठा तिने कापला, चार पाने कापडी पट्टीने जोडली आणि खळ लावून बाहेरून अबरी चिकटवली. अबरी म्हणजे रंगांच्या लाटा उमटवलेला कागद. मग मला प्रेसखाली ठेवून असे आवळले की विचारू नका. पण त्यामुळेच मी आजवर वाकलेलो नाही.

आता खेळ कसा ते ऐका. दर रविवारी दुपारी मागच्या खोलीतल्या टेबलाभोवती चार माणसे जमत. ताई सूत्रधार. ती गोष्ट सांगे, की जंगल आहे, वाट हरवली आहे, समोर अस्वल उभे आहे. बाकीचे तिघे त्या गोष्टीतली पात्रे होत आणि आपण काय करतो ते सांगत. ते जमले की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवी. मोठा आकडा पडला तर फत्ते, लहान पडला तर फजिती. आमच्या टेबलाची रीत अशी, की संकटाचा फासा ताईने माझ्याआड टाकायचा आणि निकाल तोंडी सांगायचा. तिचे नकाशे, तिचे राक्षस, तिचा फासा, सगळे माझ्या भरवशावर. एवढा विश्वास तुमच्यापैकी किती जणांवर टाकला गेला आहे, सांगा बरे!

खेळणाऱ्यांत एक ड्रायव्हरकाका होते. आठवडाभर शहरात बस हाकायचे आणि रविवारी मोठ्या तलवारीचा योद्धा व्हायचे. लढाईतही सिग्नल लागल्यासारखे थांबून विचार करत. दुसऱ्या नर्सबाई. त्या इस्पितळातही रोग्यांचे करत आणि खेळातही वैद्यच होत. आणि तिसरे भावोजी, म्हणजे ताईचे धाकटे दीर. विमा विकायचे, त्यामुळे जीभ कशी साखरेत घोळलेली! त्यांचे पात्र होते बोका नावाचा चोर.

पहिल्याच दिवशी बोक्याने योद्ध्याच्या थैलीतला पाव पळवला आणि सगळे पोट धरधरून हसले. मग काय, बोका सुटलाच. शत्रूच्या सेनापतीशी तहाची बोलणी रंगात आली, की हा जाऊन त्याची मिशी ओढणार. राक्षस झोपला आहे, सगळे श्वास रोखून पुढे सरकताहेत, की हा शिट्टी वाजवणार. सोबत्यांचा नकाशा तर त्याने परस्पर विकून टाकला. कुणी काही बोललेच, तर भावोजींचे उत्तर ठरलेले असे. "माझं पात्रच तसं आहे, मी तरी काय करू?"

ताईची मोठी पंचाईत झाली. दीर पडला घरचा माणूस. दुपारी त्याला सुनवायचे आणि संध्याकाळी त्यालाच वाढायचे, हे तिला काही जमेना. म्हणून तिने दुसरी वाट काढली. बोक्याने घोळ घातला आणि माझ्याआड फासा तीनवर पडला, की तिचे बोट हळूच पुढे येई आणि तीनचे अठरा होत. "वाचलात!" ती ओरडे. मी कुणाला काही दिसू दिले नाही, आणि त्याचा मला अभिमानच वाटे. टेबलाची अब्रू आपण राखली, असेच मी समजत होतो.

त्या रविवारी मंडळी पुलावर पोहोचली होती. पलीकडच्या गावात साथ पसरलेली, आणि वैद्याच्या झोळीत तिच्यावरचे औषध. कित्येक महिने याच पुलासाठी चालणे चालले होते. दोरांचा जुना पूल, खाली खोल दरी. बोका आधी पलीकडे गेला. मागून योद्धा आणि वैद्य अधांतरी लोंबकळताहेत, तेवढ्यात भावोजी म्हणाले, "मी एक दोर सोडतो. बघू तर काय होतं!"

ताईने फासा टाकला. दोन. बोट पुढे आले. "वाचलात! दोघेही काठाला लागलात!"

कुणीच हसले नाही. नर्सबाईंनी आपली पेन्सिल पर्समध्ये टाकली.

"ताई, पुढच्या रविवारपासून मी नाही येणार."

"अहो, का? वाचलात की!"

"आम्ही नाही वाचलो, तुम्ही वाचवलंत. दर वेळी वाचवता. इतके चांगले फासे कुणाचे पडतात का हो?" त्यांनी पर्सची चेन ओढली. "आठवडाभर वॉर्डात किती धडपड केली तरी सगळे हाती लागत नाहीत. इथं मी म्हणून यायचे, की निदान इथं तरी माझ्या हातून कुणी वाचेल. पण इथं वाचणं फुकटचं, आणि मरणं म्हणजे यांची गंमत."

"ओळखलं मीही होतं," ड्रायव्हरकाका खाली बघत म्हणाले. "पण म्हटलं, घरातला मामला आहे. आपण कशाला बोला?"

माझ्या पायाखालचे टेबलच सरकले. नर्सबाई उठल्या असत्या तर काकाही उठले असते, आणि आमचा रविवार तिथेच संपला असता. ताईचा चेहरा उतरला. मग तिने दोन्ही हातांनी मला धरले आणि एकेक पान करून मिटून टाकले, सगळ्यांच्या देखत. फासा उघडा पडला.

"भावोजी," ती म्हणाली, "मी आजवर तुमचं निस्तरत आले. तुम्हाला बोलायला नको म्हणून. ते चुकलं माझं. आता बोलते. तुमच्यामुळे या दोघांचा खेळ नासतोय."

"अहो वहिनी, पण बोका चोर आहे! चोराने काय भाषणं द्यायची?"

"बोका चोर आहे, कबूल," नर्सबाई म्हणाल्या. "पण त्याला बनवला कुणी? तुम्हीच ना?"

भावोजींची ती गोड जीभ पहिल्यांदाच अडखळली. ते म्हणाले, "मी पहिल्यांदा पाव पळवला, तेव्हा तुम्ही सगळे किती हसलात. तसं कुणी माझ्या बोलण्यावर हसत नाही हो. लोक दारातनंच वाटेला लावतात. मला वाटलं, तुम्हाला हेच आवडतं."

"तेव्हा आवडलंच होतं," काका म्हणाले. "पाव पाव होता. दोर म्हणजे आमचा जीव होता."

ताईने पूल पुन्हा मांडला. मघाचे सगळे रद्द, आणि फासा आता सर्वांसमोर. या वेळी बोका पलीकडे पोचलेला आणि बाकीचे दोघे मध्यावर असताना दोर बांधलेला खांबच कुजका निघाला आणि दोर सुटू लागला. ताईने विचारले, "बोका काय करतो?"

भावोजींनी दोघांकडे पाहिले. "बोका दोर धरतो. दोघं पार होईपर्यंत धरून ठेवतो."

"खांब गेला तर तोही दरीत जाईल, भावोजी."

"धरतो म्हटलं ना!"

योद्धा पार झाला. वैद्यही पार झाला, झोळीसकट. मग बोक्यासाठी फासा पडला. गडगडत येऊन माझ्या कडेला टेकला. तीन.

सवयीने ताईचा हात माझ्याकडे आला. उभा करायला! मित्रांनो, त्या क्षणी माझाही जीव तुटला. मी उभा राहिलो असतो तर बोका वाचला असता. पण भावोजींनी आपला तळवा माझ्यावर दाबून ठेवला.

"नको वहिनी. पडला तो पडला."

बोका दरीत गेला. ज्याने त्यांना महिनोन्‌महिने छळले, त्या चोरासाठी नर्सबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि काकांना ठसका लागला. मग नर्सबाईंनी पेन्सिल परत बाहेर काढली. "चला," त्या म्हणाल्या, "गावात औषध पोचवायचंय. भावोजी, तुम्ही नवीन पात्र घ्या पटकन, खोळंबा नको."

मित्रांनो, आता ताई मला क्वचितच उभा करते, राक्षस लपवण्यापुरता. एरवी मी टेबलाच्या कडेला मिटून पडलेला असतो. मला वाईट वाटत नाही. तुमच्या टेबलावर माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला ओल्या हातांनी धरू नका, उन्हात टाकू नका आणि त्याच्यावर कप ठेवू नका. नकाशे, राक्षस, गुपिते, हवे ते त्याच्याआड लपवा. पण आपल्याच माणसाशी जे बोलायचे आहे, तेवढे त्याच्याआड ठेवू नका. मी पुष्कळ वर्षे ताठ उभा राहिलो. पण चार माणसे एका टेबलाला टिकली ती मी मिटल्यावर, आणि हे सांगताना माझी छाती आजही फुगते.