चार्जर लावला की येणारी घरघर

कारखान्याचा पट्टा पडला, यंदाचं गाळप संपलं, आणि अंकुशनगरच्या माळावरच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये आवराआवर सुरू झाली. ऊसतोड्यांच्या मुलांसाठी भरणाऱ्या साखरशाळेचाही तो शेवटचा दिवस होता. गावाकडं नेणारी गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होती, म्हणून बद्रीनाथ सरांनी मुलांचा कार्यक्रम आदल्या सकाळी ठेवला. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण हंगाम लागला की ते अंबडहून स्कूटरवर येत आणि पत्र्याच्या त्या खोलीत मुलांना शिकवत बसत. मुलाला उत्तर सांगू नये, त्याला ते सापडेपर्यंत शेजारी बसून राहावं, एवढीच त्यांची पद्धत.

त्या सकाळी ते प्रीतीच्या शेजारी बसले होते.

प्रीती सातवीतली. पिंपळगाव रेणुकाईजवळच्या एका वस्तीवरची. शाळेला मिळालेल्या जुन्या टॅबवर ती गाण्यात गाणं मिसळायला आपली आपण शिकली होती. पडद्यावर दोन चकत्या फिरायच्या. एका चकतीवरचं गाणं हळूहळू खाली न्यायचं, दुसरीवरचं वर आणायचं, आणि मधे ठेका तुटू द्यायचा नाही. मुलं तिला ‘डीजे’ म्हणत आणि ती खोटं खोटं रागवायची. आजच्या नाचासाठी तिने हलगीचा ठेका निवडला होता, आणि मधेच तो ठेका अगदी मंद करून त्यावर आईची ओवी ठेवली होती. दुर्गाबाई पहाटे भाकरी थापताना गुणगुणायची. प्रीतीने गोधडीखालून टॅबवर तो आवाज भरून घेतला होता. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. उद्या शाळेत ये, एवढंच तिला सांगितलेलं.

दुर्गाबाई आली, ती पदराला हात पुसतच. सगळा हंगाम सरला, पण शाळेच्या उंबऱ्याशी ती पहिल्यांदाच आली होती. दाराजवळ टेकून बसली.

“आत या की, बाई,” सर म्हणाले.

“हितंच बरं हाय, सर. अजून भांडी बांधायची हायेत. पोरगी म्हनली, यायचंच, म्हून आले.” मग आवाज उतरवून म्हणाली, “पुढल्या साली न्हाई येनार ती शाळंत. तिचा बाप म्हनतो, आता हातात कोयता द्यायचा. आमच्या दोन कोयत्यांचे तीन झाले तर बरं.”

प्रीतीने ऐकलं होतं, पण तिने मान वर केली नाही. ती वायरीचा गुंता सोडवत होती.

स्पीकर अपूर्वच्या घरचा. अपूर्वचे वडील कारखान्याच्या ऑफिसात होते आणि तो वसाहतीतला असूनही दुपारी या शाळेत रमायचा. त्याने चाकांचा तो मोठा स्पीकर स्वतः ओढत आणला होता. प्रीतीने टॅबची वायर स्पीकरला जोडली, टॅबला चार्जर लावला, आणि खोलीभर घरघर सुटली. पत्रा थरथरला.

“आत भुंगा बसलाय!” नाचायला सजून बसलेली पोरं ओरडली.

“तुझ्या स्पीकरचं पोट बिघडलंय, अपूर्व,” प्रीती म्हणाली.

“माझा स्पीकर ठणठणीत आहे. तुझा टॅबच म्हातारा झालाय.”

टॅब खरंच म्हातारा होता. चार्जर काढला की क्षणभर पडदा उजळायचा आणि लगेच काळा व्हायचा.

दुर्गाबाई हसून म्हणाली, “चांगलं वाजून राह्यलं की. लाव ना मंग.”

“माय, हे गानं न्हाई! ही घरघर हाय.”

“मला काय कळतं त्यातलं. मोठ्यानं वाजलं म्हंजे झालं.”

ढोल-ताशाचं गाणं असतं तर घरघर त्याखाली दबली असती. पण ओवी बारीक आवाजातली होती, घरघरीत ती पार बुडून जायची. प्रीतीने आवाज वाढवून पाहिला. घरघरही वाढली.

“सर, काय करू?”

“तू सांग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कान द्यायचे. आधी काय काढशील?”

तिने चार्जर काढला. घरघर थांबली, आणि मागोमाग टॅब मेला. पुन्हा चालू व्हायला त्याने बराच वेळ घेतला. मग तिने चार्जर राहू दिला आणि गाण्याची वायर काढली. तेव्हाही घरघर थांबली.

“म्हंजे दोन्ही जोडल्यावरच येऊन राह्यली,” ती सावकाश म्हणाली. “एकट्या चार्जरनं न्हाई. एकट्या वायरीनं न्हाई.”

“बराबर,” सर म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांच्या पिशवीत त्यांची स्वतःची पॉवर बँक होती. ती लावली की काम झालं असतं, हे त्यांना पहिल्याच घरघरीला कळलं होतं. पण पोरगी उत्तराच्या इतकी जवळ आली होती की ते तिच्या तोंडून काढून घ्यावं असं त्यांना वाटेना.

तिने चार्जरची पिन उलटी करून लावली. घरघर किंचित कमी झाली. चार्जर आणि स्पीकर एकाच बोर्डावर घेतले. अजून थोडी कमी, पण होतीच. ओवी तिच्याखाली चाचपडत होती.

तेवढ्यात टोळीचा मुकादम कडूबा दारात डोकावला. “काय सर, लाइट बोंबलली काय? ती स्पीकरची तीन पिनची पिन हाय ना, तिची वरची जाड पिन तोडून टाका. आमच्याकडं लग्नात असंच करत्यात. बिलकुल गप होतंय.”

“गप होतं, कडूबा. पण ती अर्थिंगची पिन आहे. ती तोडली आणि उद्या स्पीकरच्या पेटीत करंट आला, तर हात लावणारं पोर गप होईल. मुलांनो, ती पिन कधीही तोडायची नाही. ऐकलं का?”

“ऐकलं, सर!”

“तुमचं आपलं शास्त्रच लई,” कडूबा हसला आणि फोन कानाला लावून निघून गेला.

दुर्गाबाई उठली. “प्रीते, भांडी बांधून येते गं.”

“माय, थांब ना. असं घरघरीत न्हाई ऐकवायचं मला.”

“साफ झालं की हाक मार. हितंच तर हाय मी.” तिने लेकीच्या केसांना लागलेली खडूची पूड पुसली आणि गेली.

प्रीती टॅबकडं बघत बसली. सर शेजारी बसून राहिले.

“सर,” ती म्हणाली, “चार्जर भिंतीला. स्पीकरबी भिंतीला. दोघं भिंतीतून एकमेकाला भेटून राह्यले. टॅबला भिंत सोडून दुसरीकडनं लाइट दिली तर?” आणि ती उडालीच. “पॉवर बँक! आमच्या कोपीत हाय की! दादा मोबाइल त्याच्यावरच लावतो!”

“अगं थांब, माझ्या…”

पण ती फाटकाबाहेर गेली होती. पळताना तिची वेणी पाठीवर आपटत होती.

सरांनी पिशवीतून आपली पॉवर बँक काढली. भिंतीतला चार्जर काढून ती टॅबला लावली, गाण्याची वायर जोडली. खोलीत काहीच वाजलं नाही. इतकी शांतता, की पोरांना वाटलं स्पीकर बंद पडला.

“गेली!” अपूर्वने टाळी वाजवली. “सर, ती आल्यावर सांगायचं नाही हं. तिलाच बघू दे.”

सरांना ते पटलं. त्यांनी गाणं लावलं नाही.

प्रीती आली नाही. कडूबा मोटारसायकलवर परत आला आणि फाटकातूनच ओरडला, “चला रे पोरांनो, जल्दी! गाडी लागली!”

“उद्या पहाटे ना?” सर उठले.

“टेंभुर्णीकडची रिकामी गाडी चालल्ती, सर. आडवली. निम्म्या खर्च्यात जाऊन राह्यलो. ती काय थांबत न्हाई.”

“थोडा वेळ द्या. एक नाच. प्रीतीला आणि तिच्या आईला पाठवा, तेवढंच.”

“तिची माय कवाच गाडीत बसली. पोरगी आल्ती पळत, बापानं धरून वर घेतली. चला रे!”

नाचायला सजलेली सगळी पोरं त्याच टोळीतली होती. कपाळावरची टिकली, गालावरची लाली तशीच ठेवून ती पळाली. खोलीत सर आणि अपूर्व राहिले.

सरांनी प्रीतीच्या वडिलांना, ती ज्यांना दादा म्हणायची त्या भुजंगला, फोन लावला. फोन बऱ्याच वेळाने उचलला गेला. आवाज प्रीतीचा होता, आणि त्यामागे गाडीचा धडधडाट.

“सर! पॉवर बँक माझ्याच हातात हाय, सर. दादानं उतरू दिलं न्हाई.”

“असू दे, बेटा. फोन आईच्या कानाला लाव.”

त्यांनी अपूर्वला खूण केली. हलगी सुरू झाली, मंद झाली, आणि ओवी आली. स्वच्छ. भाकरी थापल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. सरांनी फोन स्पीकरपुढं धरला आणि ओवी संपेपर्यंत हात हलू दिला नाही.

“ऐकू आलं का, बाई?”

“गाडी लई आवाज करून राह्यली, सर,” दुर्गाबाई म्हणाली. “कायतरी वाजून राह्यलं व्हतं. चांगलं व्हतं.”

मग पुन्हा प्रीती. “सर, मी तिला सांगितलं, तुजाच आवाज हाय. तिला खोटं वाटून राह्यलं.” ती थोडी थांबली. “घरघर गेली का, सर?”

“गेली.”

“बिलकुल?”

“बिलकुल गेली. तू म्हणालीस तसंच झालं.”

“पन का गेली?”

सर फोनचा आवाज मोठा करून, तो समोर धरून खुर्चीवर बसले. वर्गात सांगत तसं, एकेक शब्द सुटा करून सांगू लागले. “बघ, भिंतीपासून टॅबकडं एक वाट येत होती चार्जरमधून. दुसरी येत होती स्पीकरमधून, गाण्याच्या वायरीवाटे. दोन्ही वाटा टॅबपाशी भेटल्या की एक गोल पूर्ण होतो. त्या गोलात भिंतीतला करंट थोडा थोडा फिरत राहतो, आणि स्पीकरला वाटतं, हेही गाणंच आहे. म्हणून तो तेही वाजवतो. पॉवर बँकेचा भिंतीशी काही संबंध नाही. एक वाट बंद झाली, गोल तुटला. म्हणून तू वायर काढलीस तरी थांबायची, चार्जर काढलास तरी थांबायची. तू बराबर ओळखलं होतंस. कळलं का, प्रीती?”

अपूर्वने फोनच्या काळ्या पडद्याकडं बोट केलं.

“सर,” अपूर्व हळूच म्हणाला, “फोन मघाशीच कट झाला.”