आशाबाईंनी अडवून धरलेलं आमेन

यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही. नका बसू देऊ. पण मोताळ्याच्या आशाबाईंनी एका नाताळात भरला बाजार जागच्या जागी उभा केला, तोही नुसतं एक आमेन तोंडात धरून.

आशाबाईंचं घर ख्रिस्ती. डिसेंबर लागला की त्यांच्या अंगणात करंज्यांची कढई चढायची, आणि गल्लीतल्या एकूण एक घरात ताट जायचं. वर्षभर देवानं दिलं, त्याचे उपकार असे फेडायचे, ही त्यांच्या सासूपासूनची रीत. आशाबाईंच्या हातचं कोणी नाही म्हटलेलं मोताळ्यानं ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी गजेंद्रनं आपल्या दुकानात ‘नाताळ धमाका सेल’ लावला. दारात प्लास्टिकचं झाड, स्वतःच्या डोक्यावर लाल टोपी. आशाबाई मैदा घ्यायला गेल्या, तर यानं झपकन त्यांच्या खांद्यावर एक ब्लँकेट टाकलं. ‘‘काकू, अशा इकडं पाहा!’’ त्या काय म्हणून वळल्या, तोच फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी बस स्टँडवर हा भला मोठा फ्लेक्स: ‘गरजूंना मायेची ऊब’. एका बाजूला हात जोडलेला गजेंद्र, दुसऱ्या बाजूला तोंड उघडं पडलेल्या आशाबाई.

तेही त्यांनी गिळलं असतं. पण करंज्यांचं ताट घेऊन त्या शेजारी गेल्या, तर तानुबाई दारातच म्हणाली, ‘‘राहू द्या हो आशाबाई. तुमालेच पुरत नसन.’’

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तर वर मूठभर तांदूळ मिळाले. आशाबाई भरलं ताट घेऊन परत आल्या आणि चुलीपुढे बसल्या. अंगाचा नुसता जाळ झाला होता. शत्रूचंही भलं चिंतावं, हे लहानपणापासून कानावर होतं. चिंतू की! असं चिंतू, की त्याला घाम फुटला पाहिजे.

नाताळच्या आधी चर्चच्या मंडळीतली माणसं गाणी म्हणत घरोघर फिरतात. गाणं झालं की एकानं त्या घरासाठी प्रार्थना करायची. तोवर सगळ्यांनी डोळे मिटून, मान खाली घालून उभं राहायचं, आणि आमेन होईस्तोवर कोणी हलायचं नाही. गजेंद्रनं त्यांना मुद्दाम सेलच्या गर्दीत दुकानावर बोलावलं. व्हिडिओत चांगलं दिसतं म्हणे.

गाणं संपलं. चर्चचे पाळक उत्तमराव प्रार्थनेला पुढे झाले, तशा आशाबाई म्हणाल्या, ‘‘तुमी थांबा. आज म्या करतो प्रार्थना.’’

गिऱ्हाइकांनीही हातातल्या पिशव्या खाली ठेवून डोळे मिटले.

‘‘हे आकाशातल्या बापा, या गजेंद्रसाठी तुहे उपकार मानतो. यानं मले ब्लँकेट देल्लं. असं हाये, का पांघरून घेतलं तरी चांदण्या दिसतात. एकडाव धुतलं, तं रंग बादलीत रायला अन् माह्या हातात जाळी आली. एवढ्या मोठ्या दुकानात बिचाऱ्याजवळ दुसरं नव्हतं, बापा! त्याची गरिबी तूच पाह्य.’’

‘‘हालेलुया,’’ उत्तमराव म्हणाले. कोणीतरी फिसकन हसलं.

प्रार्थना सुरूच. समोरच्या टपरीवरचं चहाचं पातेलं आटून करपलं. शेजारी स्टँडवर मलकापूरची गाडी लागली, कंडक्टर टोपी काढून दारात उभा राहिला आणि तिथंच अडकला. शिवारातल्या तुरी उभ्या उभ्या वाळल्या, तरी आमेन येईना.

‘‘काकू,’’ गजेंद्र कुजबुजला, ‘‘आमेन म्हना ना. गिऱ्हाईक खोळंबलं.’’

‘‘बापा, हा घाई करून रायला. तुह्या भेटीची लई ओढ हाये वाट्टे त्याले.’’

‘‘काढतो फ्लेक्स! आत्ताच्या आत्ता काढतो, काकू!’’

‘‘ऐकलं का, बापा?’’

‘‘ऐकलं!’’ अख्खा बाजार म्हणाला.

पण आशाबाईंचं तेवढ्यानं भागणार नव्हतं. त्यांनी करंज्यांचं ताट गजेंद्रच्या पुढ्यात धरलं. ‘‘दोन्ही हातानं घे, बाबू. असा इकडं पाह्य.’’ फोटो निघाला, आणि मगच त्या म्हणाल्या, ‘‘आमेन!’’

दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्याच जागी नवा फ्लेक्स: ‘गरजू गजेंद्रला आशाबाईंकडून प्रेमाचा घास’. केवढा म्हणाल? बुलढाण्याच्या घाटातून वाचता यायचा! गल्ली ताटल्या घेऊन आशाबाईंच्या दारी रांगेत उभी राहिली. सगळ्यात पुढे तानुबाई. आणि तो फ्लेक्स अजून तिथंच आहे, दिवाळीला त्याला लोक हार घालतात...

‘‘थांबा बुवा,’’ ऐकत बसलेला शालिग्राम शेंगदाण्याची फोलपटं झटकत उठला. ‘‘कायले फेकून रायले? म्या आत्ताच मोताळ्याच्या स्टँडवर उतरलो. फ्लेक्स हाये तिथं. पन त्याच्यावर आशाकाकूच हायेत. ब्लँकेट घेतलेल्या.’’